मधुमेहाचे त्वचेवरील परिणाम

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या, मज्जातंतू, त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी यांचे काम बिघडते. त्यातून उद्भवणारे काही बदल निरुपद्रवी असतात, तर काहींमुळे पाय गमावण्याची वेळ येते. कित्येकदा रक्ततपासणीच्या आधी त्वचाच या रोगाची खूण दाखवते.

अशी सर्वांत परिचित खूण म्हणजे मानेचा काळेपणा, म्हणजेच अकँथोसिस निग्रिकन्स. मानेच्या मागे, काखेत आणि जांघेत त्वचा काळसर, जाडसर होते व हाताला मखमलीसारखी लागते. जोडीला बारीक मस लोंबतात. हा मळ समजून घरोघरी मुलांच्या माना उटणे आणि लिंबू लावून घासल्या जातात. त्याने कातडी सोलवटते, काळेपणा जात नाही. शरीर रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते जास्त प्रमाणात सोडते आणि हे जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींची वाढ वेगाने घडवते. म्हणून लठ्ठ मुलाची मान काळी पडू लागली तर साबण बदलण्याऐवजी साखर तपासून घ्यावी. वजन उतरले की रंगही हळूहळू उजळतो.

साखर आटोक्यात नसेल तर बुरशी आणि जीवाणूंचे फावते. जांघेतला नायटा, पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या, जननेंद्रियांची खाज आणि पुन्हा पुन्हा होणारी गळवे ही त्याची नेहमीची रूपे. नडगीवर उमटणारे तपकिरी, किंचित खोलगट डाग दिसायला खटकतात, पण त्यांना उपचार लागत नाहीत. नडगीवरच क्वचित दिसणारा पिवळसर, चकचकीत चट्टा मात्र फुटून चिघळू शकतो.

खरा धोका तळपायाला असतो. मज्जातंतू निकामी झाल्याने घाम कमी येतो, त्वचा कोरडी पडते आणि टाचांना भेगा जातात. संवेदनाही हरपते. चपलेत शिरलेला खडा, उन्हाने तापलेली मंदिराची फरशी, शेकायला घेतलेली गरम पाण्याची पिशवी यांपैकी काहीच जाणवत नाही. मोज्यावर ओला डाग दिसतो तेव्हा जखम झाल्याचे कळते. रक्तपुरवठाही कमी असेल तर ती भरत नाही. कुरुपावर औषधी पट्टी चिकटवणे किंवा ते ब्लेडने कापणे हे अशा पायासाठी फार घातक ठरते.

या जखमांबद्दलची समज कुष्ठरोगाच्या कामातून आली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी 1940 आणि 1950 च्या दशकांत दाखवून दिले, की कुष्ठरुग्णांचे पाय आपोआप झडत नाहीत. वेदना नसल्याने ते दुखापत होतच राहून झिजतात. त्या रुग्णांसाठी वापरात आलेल्या मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला, ज्यांना एमसीआर चपला म्हणतात, पुढे मधुमेहींनाही दिल्या जाऊ लागल्या. संवेदना तपासण्यासाठी 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात. ही तपासणी काही मिनिटांत होते आणि प्रत्येक मधुमेहीची ती वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी.

उपचारांचाही त्वचेवर परिणाम होतो. इन्सुलिनचे इंजेक्शन रोज एकाच जागी घेतल्यास तिथे चरबीची मऊ गाठ तयार होते. तिथे टोचले तर दुखत नाही, म्हणून रुग्ण तीच जागा पुन्हा निवडतात. पण गाठीतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही आणि साखर खालीवर होत राहते. गाठ असलेली जागा सोडून पोट, मांडी, दंड असा क्रम ठेवून प्रत्येक वेळी सुई थोड्या अंतरावर टोचली, तर गाठ काही महिन्यांत बरीच विरते.