कोर्टाची सहीशिक्क्याची नक्कल: अर्ज कुठे अडतो आणि मुदत कशी मोजायची

"निकाल तर मोबाईलवर आहे, मग नक्कल कशाला काढायची?" साताऱ्यात कोर्टाचे अर्ज लिहून देताना हा प्रश्न जवळजवळ रोज कानावर येतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर निकाल फुकट वाचायला मिळतो, ही सोय फार चांगली आहे. पण तो कागद वाचण्यापुरता. अपील दाखल करायचं असेल, दरखास्त (निकालाची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज) लावायची असेल किंवा तलाठ्याकडं हुकूमनाम्याप्रमाणं (म्हणजे निकालावरून कोर्ट तयार करतं ती डिक्री) नोंद धरायची असेल, तर कोर्टाच्या सहीशिक्क्याचीच नक्कल लागते.

काही जण लॉ लायब्ररीत जाऊन निकालाची झेरॉक्स काढून आणतात. दुसऱ्याच्या खटल्यातला छापून आलेला निकाल दाखला म्हणून वकिलांनी कोर्टापुढं ठेवायचा असेल, तर ती झेरॉक्स चालते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तर आता ई-एससीआर या त्या न्यायालयाच्या निकालांच्या संकेतस्थळावर घरबसल्या फुकट मिळतात. पण तुमच्या स्वतःच्या दाव्यातल्या निकालाची नक्कल कुठलंही ग्रंथालय देऊ शकत नाही. ती ज्या कोर्टात प्रकरण चाललं, तिथंच अर्ज करून घ्यावी लागते.

आणि पहिली अडचण इथंच येते. पाटण तालुक्यातला माणूस सरळ साताऱ्याला येतो, कारण "जिल्ह्याचं कोर्ट मोठं". दावा पाटणच्या दिवाणी कोर्टात चालला असेल, तर अर्ज पाटणला. त्याचं अपील जिल्हा न्यायालयात होऊन निकाल लागला असेल, तर अपिलाच्या निकालासाठी जिल्हा न्यायालयात. प्रांतांनी किंवा तहसीलदारांनी फेरफाराच्या तक्रारीवर दिलेला आदेश हवा असेल, तर तो दिवाणी कोर्टात नसतोच, त्याच्या नकला महसूल कार्यालयात मिळतात. साध्या माणसाला दोन्हीकडं "केस" आणि दोन्हीकडं "साहेब", त्यामुळं तो चुकतो यात नवल नाही. मात्र खिडकीवरून नुसतं "इथं नाही" एवढंच उत्तर मिळतं, कुठं जायचं ते सांगायला कुणाला सवड नसते.

प्रकरणातला पक्षकार, म्हणजे वादी, प्रतिवादी, फिर्यादी किंवा आरोपी, स्वतः अर्ज करू शकतो. वकीलपत्र दाखल असेल तर वकील करतात. स्वतः गेलात तर आधार कार्डाची झेरॉक्स जवळ ठेवा. अर्जाला कोर्ट फी तिकीट लागतं, नकलेचा खर्च पानांप्रमाणं वेगळा भरावा लागतो, घाई असेल तर जादा फी भरून तातडीची नक्कल मागता येते. हे सगळं सरळ आहे, इथं कुणाचं अडत नाही.

अडतं ते अर्जातल्या "कागदाचे वर्णन" या रकान्यात. परवा दहिवडीकडच्या एका मामांनी तिथं लिहिलं होतं, "केसचे सर्व कागद". अर्ज अर्थातच परत आला. नक्कल विभागाला कागद शोधायचा असतो तो निशाणी क्रमांकावरून. दाव्यातल्या प्रत्येक कागदाला निशाणी असते: दाव्याची अर्जी निशाणी १, मग पुढं कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), तूर्तातूर्त (तात्पुरत्या) मनाईचा अर्ज, त्यावरचा हुकूम, साक्षीचे जबाब. तुम्हाला नेमकं काय हवं ते निशाणी घालून लिहा. निशाणी माहीत नसेल तर आधी रोजनामा बघा. कुठल्या तारखेला कोणता कागद दाखल झाला ते त्यात सापडतं. अपिलासाठी निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्ही मागा. मामांना खरं तर तेवढंच हवं होतं. नवीन अर्जात दोन ओळी लिहिल्या, त्याच दिवशी आत गेला.

दुसरा अडणारा रकाना प्रकरणाच्या नंबराचा. नंबर म्हणजे नुसता आकडा नव्हे. रे.मु.नं. (रेग्युलर मुकदमा नंबर, म्हणजे मूळ दिवाणी दावा) १४५/२००९ वेगळा आणि दरखास्त १४५/२००९ वेगळी. साल नसेल तर शोधणंच शक्य नाही. नवीन प्रकरणांना सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो, तो समन्सवर किंवा ॲपवर सापडतो आणि तो लिहिला की बाकी गोंधळ मिटतो. जुन्या प्रकरणात पंचाईत होते. कण्हेर, धोम, उरमोडीच्या धरणग्रस्त कुटुंबांकडं वाढीव मोबदल्याच्या निकालाचा फक्त तोंडी उल्लेख उरलेला असतो: "आजोबांनी केस जिंकली होती." अशा वेळी घरातल्या जुन्या नोटिसा, वकिलांची पत्रं, सातबाऱ्यावरच्या फेरफाराची नोंद यांवरून नंबर आणि साल काढावं लागतं. तेवढी शोधाशोध घरी करून या. पक्षकाराचं नाव आणि गावावरूनही ई-कोर्ट्सवर शोध घेता येतो, पण संगणकावर न चढलेल्या जुन्या दाव्यांत त्याचा उपयोग नाही. निकाली निघालेली फाईल काही काळानं रेकॉर्ड रूमला जाते, त्यामुळं जुनी नक्कल लगेच मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. सगळेच कागद कायम जपत नाहीत, हेही ध्यानात घ्या. किरकोळ कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात.

आता पक्षकार नसलेल्यांविषयी. दुसऱ्याच्या दाव्यातला कागद हवा असेल, तर तो का हवा याचं कारण आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि द्यायचा की नाही ते न्यायाधीश ठरवतात. "माहितीसाठी" एवढं कारण लिहिलेले अर्ज नामंजूर होतात. कारण ठोस लिहा: त्याच गटातली जमीन मी विकत घेत आहे, किंवा माझ्या चुलत्याच्या वाटपाचा निकाल माझ्या हिश्श्याला लागू होतो. यावर काही हुशार मंडळी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात. त्याचा उपयोग होत नाही. कोर्टाच्या नियमांप्रमाणं नक्कल मिळण्याची सोय असेल तर न्यायालयीन कागद माहिती अधिकारात मागता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० च्या निकालात स्पष्ट केलं आहे. उत्तराची वाट बघण्यात महिना वाया जातो आणि शेवटी त्याच खिडकीवर यावं लागतं.

सगळ्यात जास्त हेलपाटे होतात ते वारसांचे. मूळ वादी वारला, मुलाला वडिलांच्या दाव्याची नक्कल हवी, खिडकीवर विचारतात, "तुम्ही पक्षकार कुठं आहात?" आणि मुलगा घाबरून वारस दाखला काढायला निघतो. १८२७ च्या रेग्युलेशनखालचा वारस दाखला म्हणजे कोर्टात स्वतंत्र अर्ज, जाहीर नोटीस, हरकतींची वाट. कित्येक महिने जातात. नुसत्या नकलेसाठी त्या वाटेला लागण्याआधी मृत्यूचा दाखला, वारस नोंद झालेला सातबारा किंवा फेरफार आणि मी अमक्याचा मुलगा असून नक्कल अमुक कारणासाठी हवी असं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज द्या. निर्णय न्यायाधीशांचा. तोंडी "नाही" ऐकून परत फिरू नका, अर्ज द्या आणि काय त्रुटी आहे ते त्यावर लिहून मागा. लेखी त्रुटी पूर्ण करता येते, तोंडी नकाराचं काय करणार?

काही नकला फुकट मिळायच्या असतात, आणि त्या लोक पैसे देऊन घेतात. फौजदारी खटल्यात आरोपीला कैदेची शिक्षा झाली, तर निकालाची प्रत निकाल सांगितल्यावर लगेच आणि विनामूल्य द्यायची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हा नियम कायम आहे. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली झालेल्या हुकुमाची प्रत दोन्ही पक्षांना फुकट द्यावी, असं त्या कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलेलं आहे. ताई, तुम्ही त्या हुकुमाच्या नकलेसाठी कुणाला पैसे देत असाल, तर आधी हे कलम दाखवा.

आता मुदत. इथं झालेली चूक महागात पडते, म्हणून सावकाश वाचा.

दिवाणी दाव्याच्या निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात, उच्च न्यायालयात ९० दिवस. हे दिवस निकालाच्या तारखेपासून मोजतात. नक्कल हातात पडल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत! दहातले निम्मे लोक तसंच समजून बसलेले असतात. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणं निकालाचा दिवस आणि नक्कल तयार व्हायला लागलेला काळ वजा होतो, एवढंच.

उदाहरण घ्या. निकाल १ सप्टेंबरला लागला. तो दिवस सोडून तीस दिवस १ ऑक्टोबरला भरतात. तुम्ही ८ सप्टेंबरला नकलेचा अर्ज दिला आणि नक्कल १९ सप्टेंबरला तयार झाली. ८ ते १९ हे बारा दिवस वजा, म्हणजे शेवटची तारीख १३ ऑक्टोबर. नक्कल १९ ला तयार असताना तुम्ही ती ६ ऑक्टोबरला उचलली, तरी शेवटची तारीख १३ ऑक्टोबरच. सहा तारखेपासून तीस दिवस मोजत बसलात, तर विलंब माफीचा अर्ज, त्याची कारणं, त्यावर समोरच्याचा आक्षेप, सगळं ओढवून घेतलंत. खर्च भरायला उशीर केलात, तर तेही दिवस तुमच्याच खात्यावर. आणि मूळ तीस दिवस उलटून गेल्यावर नकलेचा अर्ज दिला, तर वजा करायला काहीच उरत नाही.

याहून फसवी गोष्ट हुकूमनाम्याची. निकाल लागला की हुकूमनामा पंधरा दिवसांच्या आत तयार व्हावा, असं दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणते. प्रत्यक्षात बऱ्याचदा वेळ लागतो. मग लोक विचार करतात, हुकूमनामाच तयार नाही, मग अर्ज कशाला द्यायचा, होऊ दे तयार. तोच विचार घात करतो. तुम्ही नकलेचा अर्ज देण्यापूर्वी कोर्टानं हुकूमनामा करण्यात घालवलेला वेळ वजा होत नाही, हे कलम १२ च्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. तुमचा अर्ज आत असेल तरच तो काळ मोजला जातो. म्हणून निकाल लागल्याच्या दिवशीच, निदान दुसऱ्या दिवशी, निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्हीच्या नकलेचा अर्ज द्या. अपील करायचं नक्की नसलं तरी द्या. फौजदारीत न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करायलाही ३० दिवसच आहेत.

नक्कल मिळाली की शेवटच्या पानाच्या मागं उलटून बघा. तिथं शिक्का असतो: अर्ज कधी आला, खर्च कधी भरला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. मुदतीत आलात की नाही ते अपिलाचं कोर्ट याच तारखांवरून बघतं. तारीख पुसट असेल किंवा रकाना मोकळा असेल, तर तिथंच उभं राहून भरून घ्या. झेरॉक्सवाल्याला देताना पिना काढू देऊ नका. शेवटचं पान त्याच्या मशीनवर राहिलं, आणि पक्षकार शिक्का नसलेली नक्कल घेऊन अपिलाला गेला, असं होतं. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. प्लास्टिकच्या आतल्या कागदावर कोर्टाला निशाणीही घालता येत नाही.

उच्च न्यायालयात जायचं असेल, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगलीची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं, म्हणजे उच्च न्यायालयाच्या तिथल्या शाखेकडं, जातात. तिथल्या आदेशाची नक्कल हवी असेल तर अर्जही तिकडंच. अजूनही काही जण पहाटेच्या एसटीनं मुंबई गाठतात आणि तिथं चौकशीच्या खिडकीवर त्यांना कोल्हापूरला पाठवतात.