थर का हलतो?

गुरुपौर्णिमा झाली की ठाण्यात रात्री नऊनंतर मैदानं भरायला लागतात. पाचपाखाडी, उथळसर, कोपरी, वर्तकनगर. जिथे थोडी मोकळी जागा आणि एखादा दिव्याचा खांब आहे तिथे गोविंदांचा सराव सुरू. चौथा थर चढायला लागला की बघणाऱ्यांच्या माना आपोआप वर जातात. माझं म्हणणं, त्या वेळी खाली बघावं. दुसऱ्या थरातल्या पोरांच्या पोटऱ्या बघाव्यात. हाफ पँटखाली पावसानं भिजलेली ती कातडी बारीक, भरभर थरथरत असते. टाचेमागची जाड शीर ताणते, सैल होते, लगेच पुन्हा ताणते. पायाची बोटं जमीन सापडत नसल्यासारखी खालच्याच्या खांद्यात रुततात. आणि खालून कुणीतरी जुना गडी ओरडत असतो, "हलू नको रे, हलू नको!"

हा हुकूम पाळणं कुणालाच शक्य नाही. जिवंत माणूस संपूर्ण स्थिर उभा राहूच शकत नाही. आपण सारखे किंचित कलत असतो आणि सारखे सावरत असतो. दोन्ही इतकं थोडं असतं की एरवी जाणवत नाही. खांद्यावर साठ-सत्तर किलोचा माणूस उभा राहिला की तेच डोळ्यांना दिसायला लागतं. म्हणून स्नायू आणि चेता, म्हणजे निरोप नेणाऱ्या नसा, यांचं जमतं कसं हे समजून घ्यायचं असेल, तर धावणाऱ्या माणसापेक्षा थरात उभा असलेला माणूस बघणं जास्त फायद्याचं.

शाळेत आपण शिकलो ते असं: मेंदू हुकूम देतो, चेता तो पोचवतात, स्नायू पाळतो. यात चूक काही नाही, पण ही अर्धीच गोष्ट आहे. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं 1894 मध्ये दाखवून दिलं की स्नायूकडे जाणाऱ्या चेतेतले एक तृतीयांश ते निम्मे तंतू हुकूम नेणारे नसतातच. ते उलट्या दिशेनं, स्नायूकडून मेरुरज्जूकडे, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या चेतांच्या दोरीकडे, बातमी आणतात. म्हणजे स्नायू जेवढं ऐकतो, जवळपास तेवढंच बोलतो. थर टिकतो तो या बोलण्यावर.

आधी हुकमाची बाजू बघू. स्नायूला एकच काम येतं, आखडण्याचं. ढकलणं त्याला माहीतच नाही. आपण दार ढकलतो तेव्हाही कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू हाडाला ओढतच असतो. त्यामुळे जवळपास प्रत्येक सांध्यावर एकमेकांविरुद्ध ओढणारे स्नायू लागतात. घोट्याला मागून पोटरी ओढते, पुढून नडगीवरचा स्नायू. उभं राहताना आपलं वजन घोट्याच्या थोडं पुढे पडतं, म्हणून पोटरीला सुट्टी नसते.

त्या पोटरीला निरोप येतो कंबरेजवळच्या मेरुरज्जूतून. तिथल्या चेतापेशीचा एकेक तंतू थेट पोटरीपर्यंत, म्हणजे जवळजवळ मीटरभर लांब असतो. एकाच पेशीचा तंतू, मीटरभर! या तंतूत विजेचा काहीतरी संबंध आहे हे इटलीतल्या लुइजी गॅल्व्हानीनं बेडकाच्या तंगड्या उडवून ओळखलं होतं; त्याचा निबंध 1791 चा. पण तारेतून वीज जाते तसं इथे काही वाहत जात नाही. तंतूच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त, आणि आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टनं ऋण. निरोप निघाला की आवरणातली सूक्ष्म छिद्रं उघडतात, सोडियम आत घुसतं, तेवढ्या जागेचा विद्युतभार उलटतो आणि त्यामुळे पुढची छिद्रं उघडतात. हा सगळा हिशोब ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ले यांनी माकुळाच्या जातीतल्या एका समुद्री प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवर प्रयोग करून 1952 मध्ये मांडला, आणि 1963 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

यात एक गंमत आहे. हा निरोप इतका झटपट जातो की त्याचा वेग मोजताच येणार नाही, असं एकोणिसाव्या शतकात मोठमोठे जाणकार मानत. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं 1850 च्या सुमारास बेडकाच्या चेतेत तो मोजला आणि निघाला काय, तर सेकंदाला तीसेक मीटर. माणसाच्या हातापायांच्या चेतांत तो पन्नास-साठ मीटर भरतो. म्हणजे ताशी दोनशे किलोमीटर. ऐकायला बरं वाटतं, पण कंबरेपासून पोटरीपर्यंत पोचायला निरोपाला वीसेक मिलिसेकंद लागतातच. हा उशीर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तंतू स्नायूपाशी पोचतो, पण त्याला चिकटत नाही. मध्ये फट असते, मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी. वीज ती ओलांडत नाही. चेतेच्या टोकाला ॲसिटाइलकोलीन नावाच्या रसायनानं भरलेल्या इवल्या पिशव्या असतात आणि एकेका पिशवीत त्याचे हजारो रेणू. निरोप आला की पिशव्या फुटतात, रेणू फट ओलांडतात आणि स्नायूवरच्या ग्राहींना, म्हणजे त्यांना पकडणाऱ्या खाचांना, जाऊन बिलगतात. स्नायूत नवा विजेचा झटका उठतो. आणि मिलिसेकंदाच्या आसपास फटीतलं एक विकर (एन्झाइम) त्या रेणूंचे तुकडे करून टाकतं, म्हणजे पुढच्या निरोपासाठी जागा मोकळी. ही सफाई झाली नाही तर काय होतं, ते शेतावरची काही कीटकनाशकं पोटात गेलेल्या रोग्यात दिसतं: स्नायू आधी जागोजागी फडफडतात आणि मग ढिले पडतात.

या फटीचं महत्त्व ठाणेकरांना वेगळं सांगायला नको, कारण येऊरचं जंगल दाराशी आहे आणि पावसाळ्यात साप घरापर्यंत येतात. नागाच्या विषातलं एक द्रव्य स्नायूवरचे ग्राही अडवून बसतं. ॲसिटाइलकोलीन येतं आणि त्याला जागाच मिळत नाही. मण्यारीचं विष त्याहून वाईट. ते चेतेचं टोकच निकामी करतं, पिशव्या फुटणंच बंद. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत फारसं नाही, खूणही धड दिसत नाही. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. मेंदू मात्र या वेळी शाबूत असतो, हुकूमही देत असतो. मधल्या त्या फटीत हुकूम अडतो, एवढंच. एकदा मोडलेलं टोक प्रतिविषानं जुळत नाही, म्हणून अशा रोग्याला व्हेंटिलेटरवर कित्येक दिवस जगवावं लागतं. तेवढ्या अवधीत टोकं नव्यानं वाढतात. पापण्या जड झालेल्या माणसाला "झोप आली असेल" म्हणून निजवू नये, ते याचसाठी.

फट ओलांडून आलेला झटका स्नायूतंतूच्या आत खोलवर पसरतो आणि तिथे साठवलेलं कॅल्शियम मोकळं सुटतं. मग खरं ओढकाम सुरू होतं. स्नायूत दोन प्रकारचे धागे आळीपाळीनं रचलेले असतात: ॲक्टिनचे बारीक आणि मायोसिनचे जाड. जाड धाग्यांना शेकडो डोकी असतात आणि ती रस्सीखेचीतल्या गड्यांसारखी वागतात. दोरी पकडायची, ओढायची, सोडायची, थोडं पुढे पुन्हा पकडायची. एका ओढीत धागा सरकतो तो मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढा. धागे आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, ही कल्पना 1954 मध्ये शास्त्रज्ञांच्या दोन जोड्यांनी एका विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात शेजारी शेजारी छापली. एका जोडीत तोच अँड्र्यू हक्स्ले, दुसऱ्या जोडीत ह्यू हक्स्ले. दोघांचं नातं काही नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत गोंधळात पाडायला एवढं पुरे.

रस्सी सोडायला डोक्याला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू लागतो. सोडायला लागतो, हे बघा. एटीपी संपलं तर डोकी सुटत नाहीत, जिथल्या तिथे अडकून बसतात. मेल्यानंतर काही तासांनी शरीर ताठरतं ते यामुळेच.

आता आपल्या दुसऱ्या थरातल्या गोविंदाकडे या. नववीच्या पुस्तकाप्रमाणे कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. तो जागचा हललेला नाही, म्हणजे त्यानं काहीच कार्य केलेलं नाही! दोन मिनिटांनी खाली उतरलेल्या त्या पोराचं तोंड बघून हे त्याला सांगायची हिंमत माझ्यात नाही. त्याच्या मांडीत आणि पोटरीत अब्जावधी डोकी त्या काळात पकडत-सोडत होती, प्रत्येक वेळी एटीपी जाळत होती, आणि बाहेर काही उचललं जात नसल्यामुळे ती सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होत होती. शिवाय करकचून आखडलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. नेमका गरजेच्या वेळी रक्ताचा पुरवठा कमी. चालणारा माणूस तासभर चालतो, थरातला मिनिटांत थकतो.

मग ती थरथर? तिची कारणं दोन आहेत आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं कारण हुकमाच्या पद्धतीत. मेरुरज्जूतली एक चेतापेशी स्नायूतल्या तंतूंच्या एका गटाला हाकते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत हा गट दहा-वीस तंतूंचा असतो, म्हणून नजर इतकी नेमकी फिरते. पोटरीत एकाच गटात हजार-दोन हजार तंतू. एका निरोपाला एक गट एकदाच आखडतो, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात ढिला होतो. सलग जोर हवा तर निरोपांचा मारा चालू ठेवावा लागतो, आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या वेळी निरोप द्यावे लागतात. म्हणजे एकाचा जोर ओसरताना दुसऱ्याचा चढतो. आधी लहान, दमदार गट कामाला लागतात, भार वाढला की मोठे येतात. मोठ्या गटांचा जोर जबर, पण ते लवकर दमतात. ताजा स्नायू म्हणून गुळगुळीत ओढतो. दमलेल्या स्नायूत मोठे गट एकदम येतात, एकदम जातात, आणि तो खडखडाट कातडीवर दिसतो.

दुसरं कारण त्या उलट्या बातमीत आहे. स्नायूच्या मांसात जागोजागी मसल स्पिंडल नावाचे मध्ये फुगीर, टोकांना निमुळते असे काही मिलिमीटर लांबीचे अवयव असतात. स्नायू किती ताणला आणि किती वेगानं ताणला, हे ते सारखं कळवतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेत दुसरे अवयव असतात, ते ओढ किती आहे ते कळवतात. वरचा गडी किंचित पुढे कलला, दुसऱ्या थरातल्याचा घोटा वाकला, पोटरी ताणली, की स्पिंडलची बातमी मेरुरज्जूत जाते आणि तिथल्या तिथे, मेंदूला न विचारता, पोटरीच्या चेतापेशीला ढोसते. पोटरी आखडते, माणूस सावरतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडवतात तो हाच मार्ग, फक्त मांडीचा. आणि याच वेळी विरुद्ध बाजूच्या स्नायूला गप्प बसवणारा निरोपही जातो.

पोटरीची ही फेरी पुरी व्हायला सुमारे 40 मिलिसेकंद लागतात. मेंदूपर्यंत जाऊन येणारी उत्तरं त्यानंतर येतात, आणि "आता डावीकडे जोर दे" असं आपण ठरवून करतो त्याला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. खालून ओरडलेला शब्द कानात शिरून त्याचा अर्थ लागेपर्यंत पोटरीनं चार-पाच वेळा सावरलेलं असतं. आरडाओरड्यापेक्षा शिट्टीच्या ठेक्यावर चढणारी पथकं मला शहाणी वाटतात.

पण 40 मिलिसेकंद हाही उशीरच. सावरायचा जोर पोचेपर्यंत माणूस थोडा पुढे गेलेला असतो. मग जोर जरा जास्त होतो, तो मागे येतो, पुन्हा बातमी, पुन्हा जोर. सेकंदाला आठ-दहा वेळा चालणारी ही थरथर आपल्या सगळ्यांच्या हातापायांत कायम असते. दमल्यावर, घाबरल्यावर, चहा जास्त झाल्यावर ती वाढते. एक थर डुलला की वरच्याच्या पायाखालची जमीनच डुलते, आणि तो आपल्या परीनं सावरतो, ज्याचा धक्का पुन्हा खाली येतो. 2012 मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं नऊ थर लावून 43.79 फुटांचा गिनीज विक्रम केला, तेव्हा एकावर एक अशा नऊ पातळ्यांवर हे चालू होतं.

नवख्या गोविंदाचं शरीर यावर एक चुकीचा उपाय शोधतं. तो पुढचे-मागचे सगळे स्नायू एकदम आवळतो. सांधा कडक होतो, पण दुप्पट इंधन जळतं आणि स्पिंडलच्या बारीक बातमीचा उपयोग राहत नाही. जुने गडी त्याला "अंग सैल सोड" म्हणतात ते शरीरशास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर. गुरुपौर्णिमा ते गोपाळकाला हा काळ पाच-साडेपाच आठवड्यांचा. एवढ्यात स्नायू काही फार जाड होत नाहीत. या काळात वाढलेली ताकद बहुतेक चेतांची असते: जास्त गट कामाला लावणं, निरोपांचा मारा वाढवणं, विरुद्ध स्नायूला वेळेवर गप्प करणं. कलायच्या आधीच सावरायची तयारी करायला लहान मेंदू याच रात्रींमध्ये शिकतो. मैदानावर मैत्री आणि नारळ-चहा चालतो तसं हेही चालू असतं.

याच यंत्रणेमुळे थर कोसळल्यावरची पहिली पाच मिनिटं महत्त्वाची. हातातली किंवा पायातली तुटलेली चेता नीट जुळवली तर दिवसाला मिलिमीटरभर या गतीनं पुन्हा वाढू शकते. मेरुरज्जूतले तुटलेले तंतू असे वाढत नाहीत. श्वासाच्या पडद्याला हाकणारी चेता मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते, त्यामुळे मानेत त्याच्या वर इजा झाली तर श्वासच थांबतो. मणका मोडूनही रज्जू शाबूत असू शकतो, आणि चौघांनी हात-पाय धरून उचलताना मान लटकली की तो तिथे चिरडू शकतो. पाठीवर किंवा मानेवर पडलेल्याला गर्दीतून ओढू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. एकानं दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरून ठेवावं, दुसऱ्यानं 108 ला फोन लावावा, आणि उचलायचं ते सपाट फळीवर, मान आणि पाठ एका रेषेत ठेवूनच.