पहाटे साडेतीनला गळणारा एसी

गेल्या जूनमधली गोष्ट. ठाण्याला आमच्या बेडरूममधला स्प्लिट एसी रात्री अकराला लावला की तीन-साडेतीनपर्यंत गुणी बाळासारखा चालायचा आणि मग टप... टप... थेट माझ्या उशाजवळच्या चार्जिंगच्या बोर्डावर. दुपारी मुद्दाम दोन तास लावून बघितला तर एक थेंब नाही. शेवटी एसीवाला बोलावला, त्याने खालूनच मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "गॅस लीक आहे साहेब, तोच पाणी होऊन गळतोय." गॅस पुन्हा भरायचे, म्हणजे त्याच्या भाषेत चार्जिंगचे, साडेतीन हजार सांगितले.

हे "गॅसचं पाणी होतं" प्रकरण मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहूनच टाकतो. आजकालच्या बऱ्याच एसींमध्ये आर-३२ नावाचा गॅस असतो आणि तो साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपासच उकळतो, म्हणजे पाईपातून सुटला की हवेत उडूनच जाणार, थेंब होऊन गादीवर बसायला थांबणार नाही. जे गळतं ते आपल्याच खोलीतल्या हवेतलं पाणी. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तेच.

पण किती पाणी, हे एकदा मोजून बघा, मजा येते. ३० अंशांची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम वाफ धरते. जूनमध्ये आर्द्रता ८० टक्के धरली तर २४ ग्रॅम. दहा बाय बाराच्या खोलीत ३०-३२ घनमीटर हवा असते, म्हणजे पाऊण लिटर पाणी नुसतं हवेत तरंगतंय, आणि शिवाय दाराखालच्या फटीतून, खिडकीतून नवीन दमट हवा येतच राहते, झोपलेली माणसं श्वासातून आणि घामातून भर घालतात ती वेगळीच. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २६ अंशांच्या जवळ असतो, आणि एसीची कॉइल (आतल्या थंड नळ्यांची जाळी) असते दहा-बारा अंशांवर, मग पाणी धो धो सुटणारच. पावसाळ्यात तासाला लिटरभर पाणी म्हणजे बिघाड नाही, एसी काम करतोय. याउलट नागपूरला मे महिन्यात ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली की दवबिंदू जेमतेम ११ वर येतो. आमच्या मावशीचा तिकडून फोन, "अरे आमच्या एसीतून पाणीच येत नाही, खराब झालाय का?" मावशी, तुमच्या हवेत पाणीच नाहीये, म्हणून तर तुमच्याकडे कूलर चालतो आणि आमच्याकडे तोच लावला तर भिंतींना बुरशी येते.

गंमत म्हणजे एसीचा जन्मच मुळात थंडीसाठी नाही, पाणी काढण्यासाठी झालाय. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही, त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियरने ते यंत्र आखलं.

आता आमचा एसी. पाणी कॉइलवरून खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि तिथून ड्रेन पाईपने बाहेर. पंप वगैरे काही नाही, सगळा भरवसा उतारावर. आधी एमसीबी खाली केला, स्टुलावर चढलो, पुढचं झाकण उघडलं. फिल्टर स्वच्छ, कॉइलवर बर्फ नाही, गारवाही नेहमीसारखा. हे बघणं महत्त्वाचं, कारण फिल्टर चोंदला किंवा गॅस खरोखरच कमी झाला तर कॉइल शून्याखाली जाते, बर्फ धरते, आणि तो वितळला की पाणी वाटेल तिथून पडतं. तसलं काही नव्हतं. मग तांब्याभर पाणी हळूहळू कॉइलच्या खालच्या भागावर सोडलं. बाहेर सगळं व्यवस्थित निघालं! म्हणजे पाईप चोंदलेला नाही. (बहुतेक घरांत इथेच चोर सापडतो, धूळ आणि जंतूंचा बुळबुळीत गोळा असतो, जेलीसारखा. बाहेरच्या टोकाला व्हॅक्यूम लावून ओढला तर निघतो, फुंकून आत ढकलू नका. आणि कॉइलवर अ‍ॅसिड तर अजिबात नको, अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतं.)

मग पहाटे काय होतं? उत्तर होतं बादलीत. पाईपाचं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं म्हणून त्यांची कुरकुर झाली, तेव्हापासून आई रोज रात्री पाईपाचं टोक बादलीत पार तळापर्यंत सोडून ठेवायची. दुसरी गोष्ट, पाईप भिंतीतून बाहेर आल्यावर ग्रिलपाशी झोळीसारखा लोंबत होता, मग ग्रिलच्या दांडीवरून पुन्हा वर चढून खाली बादलीत. त्या झोळीत कायम पाणी साठलेलं. म्हणजे एका बाजूला झोळीतल्या पाण्याचं बूच, दुसऱ्या बाजूला बादलीतल्या पाण्याचं बूच, आणि मधे हवा कोंडलेली. ट्रेमधून नवीन पाणी दांडीवरून पलीकडे पडायचं तर त्याला जागा द्यायला हवेने बाहेर जायला पाहिजे, आणि ती जाणार कशी, तर पाईपाच्या शेपटातलं पाणी खाली दाबत दाबत टोकातून बुडबुडा काढूनच. टोक बादलीत आठ सेंटिमीटर बुडालेलं असेल तर आठ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब लागणार. तो दाब देणार कोण? ट्रेमधल्या पाण्याची पातळी दांडीवरच्या वळणापेक्षा जेवढी वर, तेवढाच दाब हातात असतो. मी टेपने मोजलं, ट्रेचा तळ त्या वळणापेक्षा साधारण सहा सेंटिमीटर वर, आणि ट्रे काठोकाठ भरला तर आणखी दोन. एकूण आठ. त्यापुढे दाबच नाही, ट्रे भरून वाहणार.

आता घड्याळ लावा. तासाला लिटरभर पाणी, बादलीचा तळ निमुळता, म्हणजे पातळी तासाला साधारण दोन सेंटिमीटरने चढते. अकरापासून चार तासांनी आठ सेंटिमीटर. पहाटेचे तीन! थोडं इकडे तिकडे होऊन साडेतीन. बादली रिकामी असताना तांब्याभर पाणी बिनबोभाट गेलं ते यामुळेच, आणि दुपारच्या दोन तासांत थेंब पडला नाही तोही यामुळेच. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो बायकोला कितीही आकृती काढून सांगितला तरी पोचला नाही, झोळी दोन असतील तर लागणाऱ्या उंचीची बेरीज होते इथपर्यंत आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात निघून गेली होती.

मधल्या काळात शेजारच्या काकूंनी एसी आग्नेयेला हलवायचा सल्ला देऊन झाला होता. पाणी अवेळी आणि भलत्या जागी दिसलं की माणसाची बुद्धी थोडी सटकतेच. २०१२ साली विलेपार्ल्याला इर्ल्याच्या चर्चपाशी क्रूसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकायला लागलं, लोक ते तीर्थ म्हणून न्यायला लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी जाऊन पाहिलं आणि जवळचं तुंबलेलं ड्रेनेज दाखवलं, त्यातलं पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत होतं. बक्षीस काय मिळालं, तर भावना दुखावल्याच्या पोलीस तक्रारी, आणि त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. माझ्यावर काकूंनी फक्त अबोला धरला, स्वस्तात सुटलो.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. झोळी दोन क्लिपा मारून सरळ केली, दांडीवरच्या वळणाला वरच्या बाजूने तापवलेल्या दाभणाने एक बारीक भोक पाडलं म्हणजे हवा तिथूनच निघेल, आणि टोक बादलीच्या काठाला सुतळीने बांधलं, पाण्याच्या वर. आता सकाळी बादली बरीच भरलेली असते, आई त्या पाण्याने लादी पुसते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं का, असं तिने विचारलं होतं, त्याला मी नाही म्हटलं, कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण असतात त्यात. एसीवाल्याचा परवा पुन्हा फोन आला होता, चार्जिंग कधी करायचं म्हणून.