भाडेकराराचा मसुदा देताना: ‘३१ मार्चपर्यंत’ म्हणजे नेमकं काय?

ठाण्यातल्या आमच्या ग्राहकांसाठी

आम्ही इंग्रजीत लिहिलेला लीव्ह अँड लायसन्सचा करार (म्हणजे भाडेकरार) हातात पडला की हमखास विचारणा होते: “आम्ही मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’ लिहून दिलं होतं, मग इंग्रजीत एकदा ‘बाय’ आणि एकदा ‘अन्टिल’ का?”

कारण अर्थ दोन आहेत. ‘अन्टिल ३१ मार्च’ म्हणजे त्या तारखेपर्यंत सलग चालू राहणारी गोष्ट, जसं राहणं किंवा पार्किंगचा वापर. ‘बाय ३१ मार्च’ म्हणजे त्या दिवसापर्यंत कधीही, पण एकदाचं उरकायचं काम: जागा रिकामी करणं, थकबाकी भरणं. ‘बिफोर’ घातलं तर ३१ तारीख हातची जाते, ३० लाच मुदत संपते.

सगळ्यात जास्त वाद डिपॉझिटवरून होतात. ‘ऑन व्हेकेटिंग’ म्हणजे जागा सोडतानाच: इकडे किल्ली, तिकडे चेक. ‘आफ्टर व्हेकेटिंग’ला, म्हणजे जागा सोडल्यानंतर, मात्र मुदतच नाही, मालकाने चार महिन्यांनी पैसे दिले तरी शब्द पाळलाच म्हणेल. वेळ हवा असेल तर ‘विदिन ७ डेज’ असं दिवस मोजून लिहावं. नुसतं ‘इन ७ डेज’ नको, त्याचा अर्थ ‘सात दिवसांनी’ असाही निघतो. आणि ‘शॅल रिफंड’च्या जागी ‘मे रिफंड’ आलं, तर परत करणं मालकाच्या मर्जीवर गेलं असं म्हणायला वाव राहतो.

अकरा महिने मोजतानाही चूक होते. १ एप्रिल २०२५ ला सुरू झालेला करार २८ फेब्रुवारी २०२६ ला संपतो, १ मार्चला नाही. (अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागतेच, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची.)

आमचा आणि तुमचा वेळ जातो तो एकाच गोष्टीत: व्हॉट्सॲपवर मसुदा न वाचता ‘ओके’ पाठवणं. अंगठे होऊन नोंदणी झाली की एक तारीख बदलायलाही दोन्ही बाजूंना पुन्हा येऊन चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागतो, खर्च वेगळा. म्हणून मालक आणि भाडेकरू दोघांनी वाचल्याचं कळवल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. काहींना ही दिरंगाई वाटते, पण ती तुमच्याच सोयीची आहे.

येताना एका कागदावर चार गोष्टी लिहून आणा: सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, भाडं कोणत्या तारखेच्या आत, डिपॉझिट कधी परत. योग्य इंग्रजी शब्द आम्ही निवडू. मसुद्यासोबत मराठी वाचनप्रतही देतो, तिचे वेगळे पैसे नाहीत.