पुलावरची ती आडवी फट

'पुलावर आडवी फट दिसली की समजा पूल खचतोय' असा मेसेज फोटोसकट वर्षानुवर्षं फिरतो. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात, पण फोटोतली फट बहुतेक वेळा मुद्दाम ठेवलेली असते.

काँक्रीट आणि पोलाद उन्हात प्रसरण पावतात. तापमान 30 अंशांनी वाढलं, तर 100 मीटरचा पूल साधारण 3 ते 3.5 सेंटिमीटर लांबतो. त्याला जागाच ठेवली नाही, तर तो टोकाच्या भिंतींना रेटेल आणि मग खरे तडे पडतील.

ओळखायचं कसं? फूटपाथवरून बघा (गाडी थांबवून नको). ही मुद्दाम ठेवलेली फट, म्हणजे प्रसरण सांधा, सरळ रेषेत, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत जातो. कडांना लोखंडी पट्ट्या, मध्ये रबर किंवा एकमेकांत शिरलेले दाते. थंडीत तो रुंदावतो, उन्हाळ्यात आक्रसतो. तडा सहसा वेडावाकडा, आणि त्याला पट्टी नसते.

सांधाही बिघडतो, हे मात्र खरं. रबर फाटलं की पाणी झिरपून खालची बेअरिंगं (पूल ज्यांवर टेकतो ते आधार) खराब होतात. सुटलेली पट्टी खडखडते. असं दिसलं तर फोटोसोबत नेमकी जागा, दिशा आणि जवळच्या खांबाचा क्रमांक देऊन देखभाल करणाऱ्या विभागाकडे तक्रार करा. फॉरवर्डमध्ये नेमकी हीच माहिती नसते.