नखाला न कळणारा मऊपणा

ठाण्यातल्या टायरच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले की एक गोष्ट हमखास दिसते. मोटरसायकलसाठी स्पोर्ट टायर घ्यायला आलेला तरुण अंगठ्याचे नख रबरात रुतवून पाहतो, ते आत गेले की "मऊ आहे, ग्रिप चांगली असणार" असे म्हणतो आणि पाकीट काढतो. मीही कित्येक वर्षे टायर असाच पारखत असे. परंतु नखाला कळणारा मऊपणा आणि वळणावर गाडी धरून ठेवणारा मऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टायर निवडण्याआधी त्यांतला फरक समजून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते.

रबर रस्त्याला दोन प्रकारे धरते. पहिला प्रकार चिकटण्याचा: रबराचे रेणू खडीच्या इतके जवळ येतात की त्यांच्यात क्षीण आकर्षण निर्माण होते. दुसऱ्या प्रकारात डांबरातून वर आलेल्या खडीच्या टोकांवर रबर दाबले जाते, त्यांच्याभोवती बसते आणि सुटल्यावर मूळ आकारात यायला किंचित वेळ लावते. या रेंगाळण्यात काही ऊर्जेची उष्णता होते आणि तोच घसरण्याला होणारा विरोध असतो. रस्ता ओला झाला की मध्ये पाण्याचा पापुद्रा येतो आणि पहिला प्रकार जवळजवळ संपतो. पावसाळ्याचे चार महिने आपला भरवसा मुख्यतः दुसऱ्यावर असतो.

वेगाचा मुद्दा येतो तो इथे. पकड घेणारा टायर सूक्ष्म प्रमाणात घसरतच असतो. तो सेकंदाला एक मीटर या गतीने घसरत असेल आणि रस्त्यावरचे उंचवटे एकेक मिलिमीटर अंतरावर असतील, तर रबराला सेकंदाला हजार वेळा दबावे आणि सुटावे लागते. नख मात्र एकदाच आणि सावकाश दाबते. रबर जितके झटपट दाबावे तितके ते कडक वागते, जणू काही ते थंड पडले आहे. त्यामुळे नखाखाली सारखेच मऊ लागणारे दोन टायर ओल्या रस्त्यावर अगदी वेगळे वागू शकतात. याउलट, ताशी ६० किलोमीटर वेगाने धावताना सतरा इंची चाकाच्या टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला आठ-नऊ वेळाच चेपला जातो. या संथ चेपण्यात ऊर्जा गेली की पेट्रोल वाया जाते, आणि त्या जलद दबण्यात गेली की ग्रिप मिळते. काजळीच्या जोडीला किंवा तिच्याऐवजी रबरात सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीची बारीक पूड, मिसळली की पहिली हानी कमी करून ओल्या रस्त्यावरची पकड राखता येते. मिशेलिनने १९९२ मध्ये मोटारींसाठी असा टायर बाजारात आणला, आणि आज चांगल्या स्पोर्ट टूरिंग, म्हणजे वेग आणि लांबचा प्रवास दोन्हींसाठी बनवलेल्या, टायरची पावसातली कामगिरी मोठ्या प्रमाणात सिलिकावरच उभी आहे.

शर्यतीच्या जवळ जाणारे कंपाउंड, म्हणजे टायरच्या रबराचे मिश्रण, तापल्यावरच खरे काम करते. म्हणून तर शर्यतीपूर्वी अशा टायरांना विजेवर तापणारी वेष्टने गुंडाळतात. घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत सिग्नलमागून सिग्नल घेत जाणारा टायर तितका तापत नाही, आणि जुलैच्या पावसात तर वाहते पाणीच त्याची उष्णता काढून घेते. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी साधारण १८ अंश झुकते. ४५ अंश झुकायला त्याच वळणावर ताशी ७१ किलोमीटरचा वेग लागेल, आणि तो आपल्या रहदारीच्या रस्त्यावर कोणीही धरू नये. म्हणजे ट्रॅकच्या टायरच्या ज्या कडांसाठी आपण जास्त पैसे मोजतो, त्या कडा डांबराला क्वचितच लागतात. ठाण्यात बारमाही चालवायच्या गाडीला स्पोर्ट टूरिंग वर्गातला टायर घ्यावा, हे माझे ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही टायरला जमत नाही. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या सरीत, खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटवर ब्रेक लावताना माझ्या गाडीचे मागचे चाक हातभर बाजूला सरकले. टायर नवा होता, हवा बरोबर होती. पण गुळगुळीत लोखंडावर रबराला दबून बसायला उंचवटेच नसतात, आणि वर पाणी व तेलाचा थर असला की चिकटणेही उरत नाही. झेब्रा क्रॉसिंगच्या जाड पांढऱ्या पट्ट्यांचेही थोड्याफार फरकाने तेच होते. तिथे गाडी सरळ ठेवणे आणि ब्रेक आधीच आटोपणे, एवढेच हाती राहते.

नवी मुंबईकरांची अडचण वेगळी आहे. वाशी ते बेलापूर हा पाम बीच रोड रोज सरळ कापणाऱ्या गाडीचा मागचा टायर मध्येच झिजतो. मागून वाकून पाहिले तर त्याची गोलाई जाऊन मध्ये बोटभर रुंद सपाट पट्टा आणि दोन्ही बाजूंना धारेसारख्या कडा दिसतात. असा टायर वळणात आधी झुकायला नाखूश असतो आणि मग कडेवरून एकदम पडल्यासारखा झुकतो. मध्ये कणखर आणि बाजूंना मऊ रबर असलेला दुहेरी कंपाउंडचा टायर त्यामुळे अशा रस्त्यासाठी सयुक्तिक ठरतो.

रुंदीचा मोह टाळावा. १४० मिलिमीटरच्या जागी १६० मिलिमीटर रुंदीचा टायर अरुंद रिमवर चढवला की तो दोन्हीकडून आवळला जातो आणि त्याची गोलाई बिघडते. शिवाय जमिनीला टेकणारे क्षेत्र रुंदीपेक्षा वजन आणि हवेच्या दाबावर अधिक अवलंबून असते: एका चाकावर १२० किलो आणि दाब २९ पीएसआय असेल, तर ते ढोबळमानाने ५९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एटीएम कार्डाहून थोडेसेच मोठे भरते. हवा नेहमी टायर थंड असताना, गाडीच्या कंपनीने सांगितली तेवढीच भरावी.

टायर हातात आला की बाजूवरच्या लंबगोलातले चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत असतो, तो घासला जाईपर्यंत पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोराचा ब्रेक आणि खोल वळण टाळावे. आणि टायर बदलायचाच असेल तर तो मे महिन्यात बदलावा, म्हणजे हे अंतर कोरड्या रस्त्यावर पार पडते.