क्लास फाइल (जावा)

जावा भाषेतील सोर्स कोड कंपायलरमधून गेल्यावर तयार होणारी फाइल. सोर्समधील प्रत्येक क्लाससाठी, मग तो आतला असो की निनावी, एक स्वतंत्र क्लास फाइल बनते. तिच्यातील बाइटकोड, म्हणजे आभासी यंत्रासाठीच्या आज्ञा, जावा आभासी यंत्र म्हणजे जेव्हीएम चालवते. अँट, मावेन, ग्रेडल ही बिल्ड साधने, म्हणजे सोर्सपासून चालवण्याजोगा प्रोग्राम बांधणारी साधने, शेवटी जार फाइल हाती देतात. जार मात्र केवळ एक गाठोडे असून मूळ माल क्लास फाइलच असतो. प्रोग्राम चालताना काय बिघडले याचा शोध घेता येईल की नाही, हे पुष्कळ अंशी बिल्डच्या वेळी या फाइलमध्ये काय लिहिले गेले त्यावर ठरते.

फाइलच्या आरंभी चार बाइटांचा ओळखक्रमांक असतो. त्यामागे दोन-दोन बाइटांत गौण आणि मुख्य आवृत्ती, मग स्थिरांकांचे कोठार, आणि त्यानंतर फील्ड (क्लासची चले), मेथड (क्लासची कामे) व जोडगुण (सोबत जोडलेली जादा माहिती) येतात. मोठा बाइट आधी, या क्रमाने सर्व संख्या लिहितात, यंत्र कोणतेही असो.

ओळखक्रमांक : सोळा-अंकी पद्धतीत, जीत दहा ते पंधरा यांसाठी ए ते एफ ही रोमन अक्षरे वापरतात, तो ‘कॅफेबेब’ असा वाचला जातो. दशमान पद्धतीत त्याचे मूल्य ३४०५६९१५८२ असून चार बाइट अनुक्रमे २०२, २५४, १८६ आणि १९० आहेत. त्याच्या उगमाबद्दल, जावा घडवणाऱ्या सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीतील दोघा सहकाऱ्यांच्या आठवणी जुळत नाहीत. जेम्स गॉसलिंग यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांची मंडळी पालो आल्टो येथील ‘सेंट मायकेल्स ॲली’ या ठिकाणी जेवायला जात. ग्रेटफुल डेड हा वाद्यवृंद नावारूपाला येण्यापूर्वी तेथे वाजवत असे अशी स्थानिक दंतकथा होती, त्यावरून त्या जागेला ही मंडळी ‘कॅफे डेड’ म्हणत. ही अक्षरे सोळा-अंकी संख्या म्हणूनही वाचता येतात हे लक्षात आल्यावर ‘कॅफेडेड’ हा क्रमांक साठवलेल्या ऑब्जेक्टच्या फाइलसाठी घेतला गेला, आणि ‘कॅफे’नंतर बसणारे दुसरे चार-अक्षरी शब्द शोधताना ‘बेब’ सापडला. पॅट्रिक नॉटन यांच्या मते मात्र हा संकेत पीट्स कॉफीच्या दुकानात कॉफी बनवणाऱ्या मुलींकडे आहे.

दोन्ही कथांत गॉसलिंग यांची अधिक ग्राह्य वाटते, कारण तिच्यात ‘कॅफेडेड’ या जोडक्रमांकाचाही उलगडा होतो. नॉटन यांच्या कथेत तो होत नाही. गॉसलिंग यांच्या आठवणीत ग्रेटफुल डेडचे गिटारवादक जेरी गार्सिया यांच्या निधनानंतर तेथे उभारलेल्या छोट्या स्मारकाचाही उल्लेख येतो. गार्सिया यांचे निधन ऑगस्ट १९९५ मधले, तर जावाची जाहीर घोषणा २३ मे १९९५ ची. तेव्हा स्मारकाला टोपणनावाचे मूळ समजू नये. ती नंतरची भर आहे. हा क्रमांक ‘जावा’ या नावाच्या आधीचा असून कॉफीशी पडलेली गाठ योगायोगाची आहे, असे नॉटन स्पष्ट सांगतात. भाषेचे पूर्वीचे नाव ‘ओक’ होते आणि ‘जावा’ हे नाव १९९५ च्या सुरुवातीस ठरले. त्यामुळे क्रमांकाचा काळ १९९१ ते १९९४ च्या दरम्यान कोठेतरी धरणे सयुक्तिक होईल. ‘जावा म्हणजे कॉफी, म्हणून कॅफेबेब’ हे वारंवार दिले जाणारे स्पष्टीकरण यामुळे टिकत नाही.

हाच क्रमांक नेक्स्ट या कंपनीच्या नेक्स्टस्टेप प्रणालीत, आणि पुढे ॲपलच्या मॅक प्रणालीत, अनेक प्रोसेसरांसाठीचा कोड एकत्र बांधणाऱ्या फाइलींनाही दिलेला आहे. नॉटन १९९० च्या अखेरीस सन सोडून नेक्स्टकडे जाण्याच्या बेतात होते. पण एवढ्यावरून दोन्ही क्रमांकांचा संबंध जोडणे धाडसाचे ठरेल. युनिक्सवर्गीय प्रणालींतील ‘फाइल’ या आज्ञेला या सारखेपणाचा व्यावहारिक त्रास होतो. ती पुढचे चार बाइट पाहून निवाडा करते : नेक्स्टच्या फाइलीत तेथे प्रोसेसर-प्रकारांची संख्या असते, जी लहान असते; जावाच्या फाइलीत तेथे आवृत्ती असते, जी चाळिसाच्या पुढे असते. त्या आज्ञेच्या नियमसूचीतील टीप पहिली प्रसृत आवृत्ती ४३.० धरते, तर जेव्हीएमचे अधिकृत विनिर्देश ४५ पासून मोजतात. येथे विनिर्देशांना अनुसरले आहे.

याच कुळातील ‘कॅफेडूड’ हा क्रमांक, ज्यात ‘ओ’च्या जागी दोन शून्ये आहेत, पॅक२०० या जार-संकोचन पद्धतीला मिळाला. ती पद्धत जावा ५ मध्ये आली आणि जावा १४ मधून काढून टाकली गेली.

आवृत्ती आणि तिचे बिघाड : मुख्य आवृत्तीतून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. जुन्या जेव्हीएमला नवी फाइल दिली की ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ येते. तिच्या संदेशात फाइलची आवृत्ती आणि यंत्राची कमाल मर्यादा असे दोन्ही आकडे असतात. हा बिघाड निरुपद्रवी म्हणावा, कारण तो स्वतःच आपले निदान सांगतो. आपल्या संगणकावर चालते, सर्व्हरवर नाही, या तक्रारीचा मोठा वाटा येथेच संपतो : मावेन आणि कमांड-लाइन वेगवेगळे जेडीके (कंपायलर व जेव्हीएम असलेला जावाचा साधनसंच) वापरत असतात, एवढेच.

खरा घातक बिघाड आवृत्तीचा आकडा बरोबर असताना होतो. जावा ९ च्या कंपायलरला ‘सोर्स ८, टार्गेट ८’ असे सांगून बाइटबफर या क्लासवर ‘फ्लिप’ ही मेथड वापरली, तर फाइलवर ५२ हा आकडा उमटतो आणि बिल्ड बिनतक्रार होते. प्रत्यक्ष जावा ८ वर मात्र ‘नो सच मेथड एरर’ येऊन प्रोग्राम कोसळतो. जावा ८ मध्ये ‘फ्लिप’ ही बफर या पालक क्लासात होती आणि बफर परत करत असे. जावा ९ मध्ये बाइटबफरने ती स्वतः लिहून बाइटबफर परत करायला सुरुवात केली. सोर्समधील अक्षर बदललेले नसते, पण क्लास फाइल मेथडला नाव, आदाने आणि परतीचा प्रकार या तिन्हींनी ओळखते. कंपायलरने समोर असलेली जावा ९ ची लायब्ररी पाहून नवा परतीचा प्रकार लिहिलेला असतो. जावा ९ पासून आलेला ‘रिलीज’ हा पर्याय जुन्या आवृत्तीची मेथड-यादीच कंपायलरपुढे ठेवतो, म्हणून हा दोष उद्भवत नाही. नव्या प्रकल्पात ‘सोर्स’ व ‘टार्गेट’ ही जोडी वापरण्याचे कारण उरलेले नाही. मावेनच्या कंपायलर प्लगइनच्या जुन्या आवृत्त्या न सांगता १.५ धरत, आणि जावा ९ चा कंपायलर १.५ नाकारतो, जुना प्रकल्प नव्या जेडीकेवर उघडताच तुटण्याचे एक नेहमीचे कारण हे आहे.

‘नो सच मेथड एरर’ एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आल्यानेही येते. दोहोंतून एक निवडताना मावेन अवलंबनांच्या झाडात मुळाच्या जवळची आवृत्ती घेते, ग्रेडल सर्वांत वरची. म्हणून तोच प्रकल्प एका साधनातून दुसऱ्यात नेला की वेगळी जार उचलली जाऊ शकते.

स्थिरांकांचा प्रश्न याहून जुना आहे. ‘स्टॅटिक फायनल’ असलेली आणि कंपाइल करतानाच मूल्य ठरणारी संख्या वा स्ट्रिंग वापरणाऱ्या क्लासच्या फाइलीतच उतरवली जाते. मूळ क्लासात मूल्य बदलले आणि वापरणारा क्लास पुन्हा कंपाइल झाला नाही, तर तो जुनेच मूल्य दाखवत राहतो. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी टॉमकॅट या वेब-सर्व्हरच्या कामातून घडवलेले आणि जुलै २००० मध्ये स्वतंत्रपणे प्रसृत झालेले अँट केवळ फाइलींच्या वेळा ताडून पाहते, म्हणून त्यात हे हमखास घडते. ग्रेडलचे टप्प्याटप्प्याने कंपाइल करणे अशा स्थिरांकांचा माग ठेवते. बिघाड कळेना की आधी ‘क्लीन’, म्हणजे जुन्या बिल्डच्या फाइली पुसणे, करून पाहावे, ही सवय यातूनच रुजली असावी.

डिबगची (बिघाड शोधण्याची) माहिती : ओळक्रमांक, सोर्स फाइलचे नाव आणि स्थानिक चलांची नावे तीन वेगळ्या जोडगुणांत असतात. जावासी या कंपायलरला काहीच सांगितले नाही तर तो पहिली दोन लिहितो, चलांची नावे नाही. ‘जी’ हा पर्याय दिला की तिन्ही येतात. मावेन आणि ग्रेडल न सांगता ‘जी’ देतात. अँटचे वर्तन याच्या उलट असून नवख्यांना ते फसवते : त्याच्या जावासी टास्कमधील ‘डिबग’ मूळात बंद असते, आणि बंद असताना अँट गप्प न राहता ‘जी : नन’ असे पाठवते. परिणामी कंपायलर स्वतःहून देत असलेले ओळक्रमांकही जातात आणि स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे बिघाडापर्यंत बोलावल्या गेलेल्या मेथडांच्या यादीत, प्रत्येक ओळीपुढे ‘अननोन सोर्स’ एवढेच उरते. ट्रेसमध्ये फाइलचे नाव आहे पण ओळ नाही, असे दिसले तर फक्त ओळींचा तक्ता गेलेला असतो. ‘नेटिव्ह मेथड’ असेल तर तेथे बाइटकोडच नाही.

जावा १४ मध्ये आलेले आणि १५ पासून आपोआप मिळणारे सविस्तर नल-पॉइंटर संदेशही (रिकाम्या म्हणजे नल चलाचा वापर झाल्यावर येणारे) याच माहितीवर जगतात. चलांचा तक्ता असेल तर कोणते चल नल होते ते नावानिशी कळते. नसेल तर ‘लोकल४’ अशी केवळ खणाची खूण मिळते. फाइल काही किलोबाइटांनी लहान करण्यासाठी हा तक्ता गाळणे सर्व्हरवरील प्रोग्रामांना मुळीच परवडणारे नाही.

सगळे तक्ते जागेवर असूनही ट्रेस रिकामा येऊ शकतो. एकाच जागी तोच अपवाद (चालताना फेकला जाणारा बिघाड) फार वेळा उद्भवला की हॉटस्पॉट हे जावाचे आभासी यंत्र आधीच बनवून ठेवलेला, ट्रेस नसलेला अपवाद फेकू लागते. अशा वेळी लॉगमध्ये मागे जाऊन पहिली नोंद शोधावी, किंवा ‘ऑमिट स्टॅक ट्रेस इन फास्ट थ्रो’ हा पर्याय बंद करून यंत्र पुन्हा चालू करावे. वेगासाठी बदललेला कोड डिबगरपुढे पुन्हा मूळ रूपात उलगडण्याची हॉटस्पॉटची युक्ती सेल्फ या भाषेच्या संशोधनातून आली. उर्स होल्झले, क्रेग चेंबर्स आणि डेव्हिड अंगर यांनी ती १९९२ मध्ये मांडली.

दुरून डिबगर जोडण्यासाठी जेडीडब्ल्यूपी हा प्रोटोकॉल आहे. जावा ९ पासून नुसता पोर्ट दिल्यास यंत्र फक्त स्थानिक जोडणी ऐकते, म्हणून कंटेनरमधील प्रोग्रामला बाहेरून जोडताना पोर्टाआधी तारांकन व अपूर्णविराम (*:) द्यावे लागतात. हा बदल सुरक्षिततेसाठी असून योग्यच आहे.

देवनागरी मजकूर : मराठी संदेश असलेल्या प्रोग्रामांत बिल्डचा आणखी एक दोष भेटतो. जावा १८ पूर्वी कंपायलर सोर्स फाइल त्या संगणकाच्या सांकेतिक पद्धतीने वाचत असे. यूटीएफ-८ या युनिकोडच्या सांकेतिक पद्धतीत जतन केलेली फाइल पाश्चात्त्य भाषांसाठीच्या विंडोजवर कंपाइल केली की प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन परके वर्ण होतात. पहिला डोक्यावर आघातचिन्ह असलेला रोमन ‘ए’, आणि दुसरा चलनाची सर्वसाधारण खूण किंवा येनची खूण. हा नमुना दिसला तर चूक वाचण्यात झालेली असते. सगळीकडे प्रश्नचिन्हे दिसली तर मजकूर बाहेर लिहिताना हरवलेला असतो. संशय फेडण्यासाठी फाइलीतील बाइट पाहावेत : ‘म’ हे अक्षर २२४, १६४, १७४ असे असेल तर क्लास फाइल निर्दोष असून बिघाड पुढे कन्सोलमध्ये वा डेटाबेसमध्ये आहे. बिल्ड प्लॅटफॉर्मवर अवलंबून असल्याचा जो इशारा मावेन देते तो याच संदर्भातला. मराठी प्रकल्पात त्याकडे काणाडोळा करू नये. प्रॉपर्टीज फाइलींतून संदेश वाचताना जावा ८ पर्यंत लॅटिन-१ ही पाश्चात्त्य भाषांची सांकेतिक पद्धत गृहीत धरली जाई, म्हणून मराठी ओळी संकेतांकांत बदलाव्या लागत. जावा ९ पासून असे संदेश वाचणारा क्लास, रिसोर्स बंडल, यूटीएफ-८ वाचतो.

स्थिरांक कोठारातील एका स्ट्रिंगला ६५,५३५ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे काना-मात्रा धरून २१,८४५ चिन्हांपलीकडे सलग मजकूर बसत नाही. मोडी लिपीची चिन्हे युनिकोड ७.० मध्ये, २०१४ साली, मूळ पटलाबाहेर (पहिल्या ६५,५३६ जागांपलीकडे) स्थान मिळालेली आहेत. प्रमाण यूटीएफ-८ मध्ये ती चार बाइटांत मावतात. क्लास फाइलची यूटीएफ-८ मात्र थोडी बदललेली असून तीत अशा प्रत्येक चिन्हाचे दोन भाग करून सहा बाइट खर्ची पडतात. म्हणून क्लास फाइलीतील मोडी मजकूर सामान्य यूटीएफ-८ वाचकाला दिला तर तो अवैध ठरतो.

उलट वाटेने वाचन : जेडीकेसोबत येणारे जावा-पी हे साधन बाइटकोड आणि वरील सर्व तक्ते छापते, आणि बहुतेक निदानांना ते पुरते. क्लास फाइलपासून पुन्हा सोर्स बनवणारे ‘मोचा’ हे साधन हानपीटर व्हान फ्लीट यांनी १९९६ मध्ये आणले. त्यापासून बचाव करणारे ‘क्रेमा’ हेही त्यांचेच. प्रोगार्डसारखी आजची साधने नावे बदलून संकोचन करतात, तेव्हा ट्रेसमध्ये ‘ए’, ‘बी’ अशी नावे येतात. ती मूळ नावांत परत नेण्यासाठी बिल्डच्या वेळी निघालेली मॅपिंग फाइल (जुन्या-नव्या नावांची यादी) लागते, आणि ती त्याच बिल्डची असावी लागते.